जोंधळ्याच्या राशीचे वांटेकरी

इतिहास म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें गड आणि लढाया येतात. जोंधळ्याच्या राशीला किती वांटेकरी होते, हें कोणी विचारीत नाहीं. बीड जिल्ह्यांत, केज तालुक्यांतील युसूफ वडगांवासारख्या गांवच्या काळ्या रानांत हे वांटेकरी पूर्वापार ठरलेले आहेत. कडबा लाल कंधारी बैलाचा, कणीस पांखरांचें, आणि कोंवळा शेंडा काळविटाचा. बैलाला पोळ्याच्या दिवशीं पुरणपोळी, पांखरांना गोफणीचा दगड. काळविटाचा हिशेब मात्र दरबारांत होई.

हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पाळीव चित्ते सोडून काळवीट मारविण्याचा शौक हैदराबाद-कोल्हापूरच्या दरबारांना होता. त्या खेळांत दयामाया नव्हती, हें खरें. परंतु काळविटामागें धांवणारा रानचा चित्ताही दख्खनच्या माळांवरून नाहींसा झाला, आणि १९५२ सालीं तो भारतांतूनच नष्ट झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकाऱ्याची बंदूकही थांबविली. आमच्या मतें हें योग्यच झालें. तथापि अभय देणारा कायदा दिल्लीस, आणि पोसणारा पांच एकरांचा शेतकरी येथें! नुकसानभरपाईचा नियम आहे. पण पंचनाम्याची वाट पाहत मोडलेलें धाट कांहीं उभें राहत नाहीं. म्हणून घरधनी अजूनही घोंगडी पांघरून रात्रभर माळ्यावर बसतो, डबा वाजवितो, आणि पहांटे बैलांपुढें वैरण टाकावयास खालीं उतरतो.