गती आणि स्मृती

गणकयंत्राची थोरवी वर्णन करताना लोक प्रथम त्याच्या वेगाचे कौतुक करतात. एका सेकंदात किती बेरजा, किती गुणाकार, हे आकडे ऐकून मन थक्क होते. परंतु या यंत्राचा इतिहास पाहिला तर एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. बेरीज जलद करणे हा प्रश्न फार लवकर सुटला. बेरजेला लागणारी संख्या वेळेवर हाताशी आणून देणे हा प्रश्न मात्र दीर्घकाळ छळत राहिला. गणकयंत्राची गती त्याच्या स्मृतीवर अवलंबून असते, हे सत्य त्या काळच्या शास्त्रज्ञांना पदोपदी ठेचा खाऊन उमगले.

हे नाते समजण्यासाठी जुन्या दफ्तरखान्यातील एखादा कारकून डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या पुढ्यात लहानसे मेज आहे आणि बाकीचे कागद आतल्या खोलीत रुमालांत बांधून ठेवले आहेत. लागणारे कागद मेजावर मावत असतील तर त्याची लेखणी अखंड चालते. ते मावत नसतील तर त्याला वारंवार उठावे लागते. एक रुमाल बांधायचा, दुसरा शोधायचा, त्याची गाठ सोडायची, आणि तोवर लेखणी स्वस्थ पडलेली. अशा कारकुनाला कितीही चांगली लेखणी दिली तरी त्याचे काम लवकर उरकणार नाही, त्याला मोठे मेजच द्यावे लागेल. मात्र सारे काम एका चिठ्ठीचे असेल तर मोठ्या मेजाचाही काही उपयोग नाही.

१९४६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एनिअॅक हे यंत्र जगापुढे आले. सुमारे १८ हजार निर्वात नलिकांचे ते धूड सेकंदाला ५ हजार बेरजा करीत असे. पण त्याच्या जलद स्मृतीत दहा अंकी संख्या मावत त्या अवघ्या २०. यापलीकडच्या संख्या छिद्रे पाडलेल्या पत्र्यांवर असत आणि त्या वाचण्याचा वेग होता मिनिटाला शे-दीडशे पत्र्यांचा. शिवाय कामाच्या सूचना स्मृतीत नसत. त्यासाठी तारा जोडाव्या लागत, कळा फिरवाव्या लागत, आणि नव्या प्रश्नाची मांडणी करण्यात कित्येक दिवस जात. उत्तर काही मिनिटांत मिळे, तयारीला मात्र आठवडा लागे. म्हणूनच एनिअॅक पुरे होण्यापूर्वीच, १९४५ साली, जॉन फॉन नॉयमन यांच्या अहवालात असा विचार पुढे आला की संख्या आणि सूचना या दोन्ही एकाच स्मृतीत साठवाव्यात. या विचाराबरोबर मोठ्या आणि चपळ स्मृतीची निकड शतपट वाढली.

ती स्मृती आणायची कोठून? केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांनी पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या वापरल्या. एका टोकाकडून निघालेला ध्वनितरंग दुसऱ्या टोकाला पोचला की त्याला पुन्हा पहिल्या टोकाशी आणून सोडायचे. तो फिरत राहिला तोवर संख्या जिवंत राही. त्यांचे एड्सॅक हे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. पण या पद्धतीत हवी ती संख्या नळीच्या मुखाशी येईपर्यंत यंत्राला थांबावे लागे, जसे रहाटगाडग्यातील एखादे विवक्षित पोहरे वर येण्याची वाट पाहावी तसे.

मँचेस्टरच्या विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी किरणनलिकेच्या पडद्यावर विद्युत्‌भाराचे ठिपके उमटवून स्मृती निर्माण केली. तीतील कोणत्याही ठिपक्यापाशी तत्काळ जाता येई. २१ जून १९४८ रोजी त्यांच्या लहानग्या प्रायोगिक यंत्राने साठवलेल्या सूचनांनुसार पहिला हिशेब केला. यंत्राच्या परिभाषेत एक संख्या अथवा सूचना मावेल अशा जागेला शब्द म्हणतात. या यंत्राच्या स्मृतीत असे ३२ शब्द होते. त्या हिशेबाला ५२ मिनिटे लागली. पण हे ठिपके क्षणोक्षणी पुसट होत, ते सतत नव्याने उमटवावे लागत, आणि बाहेरचा लहानसा विद्युत्‌क्षोभही त्यांना बाधे.

याच अडचणीतून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील जे फॉरेस्टर यांनी चुंबकीय कड्यांची स्मृती सिद्ध केली. फेराइट नावाच्या द्रव्याच्या बारीक कड्या तारांच्या जाळीत ओवायच्या. प्रत्येक कडीचे चुंबकत्व एका दिशेला असेल तर शून्य, उलट दिशेला असेल तर एक. वीज गेली तरी हे चुंबकत्व टिकून राहते. १९५३ साली व्हर्लविंड या यंत्रातील जुन्या नलिका काढून तेथे ही स्मृती बसवण्यात आली, आणि त्या यंत्राची गती जवळजवळ दुप्पट झाली. यंत्राचे गणित करणारे अवयव तेच होते, बदलली ती स्मृती.

या घटनेला दोनच वर्षे होत होती, तेव्हा मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभा यांच्या प्रोत्साहनाने आणि रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक लहान गट स्वतःचे गणकयंत्र उभारण्यास प्रवृत्त झाला. त्या वेळी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आणलेले एक यंत्र होते, त्याची स्मृती फिरत्या चुंबकीय पिंपावर असे. मुंबईच्या गटाने मात्र तो सोपा मार्ग सोडून कड्यांची नवी स्मृतीच पसंत केली. प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र तयार झाले आणि मग १९५९ साली पूर्ण यंत्र. १९६२ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृतीत २,०४८ शब्द.

२,०४८ शब्द म्हणजे किती, हे एका उदाहरणाने पाहावे. चाळीस अज्ञातांची चाळीस समीकरणे सोडवायची तर १,६०० सहगुणक आणि उजव्या बाजूच्या ४० संख्या, म्हणजे १,६४० जागा हव्यात. उरलेल्या ४०८ जागांत सूचना बसवायच्या. हे साधते. पण अज्ञात पन्नास झाले की २,५५० जागा लागतात, म्हणजे प्रश्न स्मृतीबाहेर सांडतो. गणिताचे श्रम सुमारे दुप्पटच झालेले असतात, पण आता संख्या तुकड्यातुकड्यांनी बाहेर ठेवायच्या आणि पुन्हा आत आणायच्या. मायक्रोसेकंदांत चालणाऱ्या यंत्राला सेकंद सेकंद खोळंबावे लागते. दहा अज्ञात वाढले एवढ्याने सारा डौल मोडतो. त्या काळच्या संशोधकाला म्हणूनच प्रश्न मांडतानाच विचार करावा लागे की तो यंत्रात मावेल काय. मावणार नसेल तर अणुभट्टीचा असो वा विश्वकिरणांचा, प्रश्नच आखूड करावा लागे. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्याची स्मृती ३२ हजार शब्दांची, म्हणजे टिफ्रॅकच्या सोळापट होती. त्याबरोबर प्रश्नांचे आकारही वाढले.

मोठी स्मृती महाग, म्हणून लहान स्मृतीलाच मोठे भासवण्याची युक्ती मँचेस्टरच्याच किलबर्न यांच्या गटाने काढली. १९६२ च्या डिसेंबरात कार्यान्वित झालेल्या अॅटलस यंत्रात कड्यांच्या स्मृतीचे १६ हजारांवर शब्द आणि पिंपांवर ९८ हजारांवर शब्द होते. यंत्र स्वतःच ५१२ शब्दांचे एकेक पान पिंपावरून आत आणी व नको ते बाहेर ठेवी, आणि वापरणाऱ्याला सारी स्मृती एकसंध वाटे. पण या सोयीलाही मर्यादा होती. एकाच वेळी फार कामे घेतली की पाने आतबाहेर करण्यातच यंत्राचा वेळ जाई आणि प्रत्यक्ष काम जवळजवळ थांबे. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या दोषाची मीमांसा केली: प्रत्येक कामाला ज्या पानांची त्या क्षणी गरज असते तेवढी जागा त्याला मिळालीच पाहिजे. त्यापेक्षा कमी दिली तर गती कोसळते, आणि जास्त दिल्याने फारसा लाभ होत नाही.

गती आणि स्मृती यांचे हे नाते २० जुलै १९६९ रोजी मानवी प्राणांशी येऊन भिडले. चंद्रावर उतरणाऱ्या अपोलो ११ च्या ईगल यानातील गणकयंत्राला बदलती स्मृती होती २,०४८ शब्दांची, संख्येने टिफ्रॅकइतकीच. उतरताना एका रडारकडून येणारे निरर्थक संकेत यंत्राचा वेळ खाऊ लागले. कामे वेळेत पुरी होईनात. आधीचे काम संपण्यापूर्वी पुढचे येऊन जागा मागू लागले. अखेर जागाच उरली नाही आणि १२०२ या क्रमांकाची धोक्याची सूचना झळकली. येथे क्रम उलटा होता. आधी गती घटली आणि त्यामुळे स्मृती भरली. पण हॅल लॅनिंग यांनी रचलेल्या कार्ययोजनेत कामांना अग्रक्रम दिलेले होते. यंत्राने नव्याने आरंभ करून गौण कामे टाकून दिली आणि यान सांभाळण्याचे काम चालू ठेवले. काही मिनिटांनी ईगल सुखरूप उतरले.

पुढे १९७० साली इंटेल कंपनीने १,०२४ अंकचिन्हांची स्मृती एका सिलिकॉन तुकड्यावर आणली आणि कड्यांचे युग मावळू लागले. आज खिशातल्या दूरध्वनीत कोट्यवधी टिफ्रॅक सामावतील एवढी जागा असते. तरीही नियम पालटलेला नाही. जे काम जवळच्या स्मृतीत मावते ते झपाट्याने होते, जे मावत नाही ते रेंगाळते, आणि मिळालेली जागा माणसाच्या वाढत्या आकांक्षा पाहता पाहता भरून टाकतात. यंत्राचा वेग मोजताना त्याने किती गणिते केली एवढेच पाहून चालत नाही. गणितासाठी त्याला किती वेळ तिष्ठत राहावे लागले, हेही विचारावे लागते. मुंबईच्या त्या गटाने २,०४८ कोष्ठांत जे बसवले, ते हा प्रश्न रोज स्वतःला विचारूनच बसवले होते.