रेवदंड्याची शांतता

अलिबागहून दक्षिणेस निघाले की आक्षी, नागाव, चौल आणि मग रेवदंडा लागतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या नागावच्या किनाऱ्यावर रिकाम्या होतात. उरलेल्या खाडीवरचा पूल ओलांडून काशीद-मुरुडकडे जातात. मधल्यामध्ये रेवदंड्याची काळपट वाळू बरीचशी मोकळी राहते. माडा-पोफळीच्या वाड्या मागे टाकून, पडक्या तटाला वळसा घालून आपण किनाऱ्यावर उतरतो. समोर समुद्र, डावीकडे कुंडलिकेचे मुख आणि त्यापलीकडे कोर्लईचा किल्ला. (साळावचा लोखंडाचा कारखानाही खाडीपलीकडेच आहे, छायाचित्रे काढणारे तो शिताफीने टाळतात.) अशा जागेला ‘अस्पर्शित किनारा’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. मला तो शब्द खटकतो. या किनाऱ्याइतका जगाचा स्पर्श झालेली ठिकाणे पश्चिम किनाऱ्यावर थोडीच असतील.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात येणारे सेमिल्ला हे बंदर म्हणजेच चौल, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. अरबांनी त्याला सैमूर म्हटले. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी येथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता आणि गावात सुमारे १०,००० मुसलमान राहत होते, अशी नोंद त्याने केली आहे. हिंदू राजाच्या बंदरातील परदेशी वस्तीचा हा आकडा क्षणभर थांबून वाचावा असा आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन याच बंदरात उतरला, तोही विकण्यासाठी एक घोडा बरोबर घेऊन. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडा हिसकावला आणि धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने बिचाऱ्याची सुटका झाली. वास्को द गामाच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. निकितिनचा स्मृतिस्तंभ आज रेवदंड्यातच आहे, पण समुद्रावर येणाऱ्यांपैकी फारच थोडे त्याकडे वळतात.

पुढचा इतिहास तोफांचा आहे. १५०८ साली या खाडीत इजिप्तच्या मामलुकांच्या आणि दीवच्या मलिक अयाझच्या आरमाराने पोर्तुगीजांना गाठले. त्या लढाईत व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला आणि बापाने पुढच्याच वर्षी दीवला त्याचा सूड उगवला. तरीही पोर्तुगीजांनी येथे पाय रोवले, निजामशहाकडून परवानगी मिळवून गढी बांधली. १५७०-७१ चा मुर्तझा निजामशहाचा प्रदीर्घ वेढाही त्यांनी परतवला. १५९४ मध्ये कोर्लई घेतल्यावर खाडीचे दोन्ही काठ त्यांचे झाले.

मग ही शांतता आली कोठून? लढाईतून नव्हे, असे माझे मत आहे. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांकडे गेली, १६६८ मध्ये कंपनीकडे आली, आणि व्यापार हळूहळू त्या खोल, सुरक्षित बंदराकडे सरकला. चौलची खाडी गाळाने भरत चालली होतीच. १७३९ मध्ये वसई पडली. १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. तोवर घेण्याजोगे फारसे उरले नव्हते. पोर्तुगीज गेले, तटाच्या आत वाड्या वाढल्या. आज चर्चच्या मनोऱ्याचे उरलेले मजले माडांच्या वर डोकावतात. आपण ज्याला निसर्ग म्हणतो तो येथे अवशेषांवर उगवलेला आहे.

मुंबईनेच ओस पाडलेला हा किनारा आता मुंबईच्याच विश्रांतीसाठी हवा आहे. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि अंतर आणखी कमी झाले.

ज्यांना गोव्याला जाणे परवडले नाही, ते गरीब ख्रिस्ती शेतकरी मात्र येथेच राहिले. कोर्लई गावात त्यांचे वंशज आजही ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, बोलतात. बोलणारे जेमतेम हजारभर. मुलांची शाळा मराठी, चर्चमधील प्रार्थनाही आता मराठीत. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण पोर्तुगीज वाक्यात मध्ये येणारे क्रियापद या भाषेने मराठीसारखे शेवटी नेऊन ठेवले आहे.