देह शिकविणाऱ्यांची घडण

मौजे आंबी, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे नाव आज ज्या कागदांवर दिसते ते बहुधा औद्योगिक वसाहतीचे, महाविद्यालयांचे किंवा जमिनीच्या खरेदीखतांचे असतात. परंतु दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत तळेगाव दाभाड्याच्या शेजारचे हे गाव, मावळातल्या इतर गावांप्रमाणेच, भाताच्या खाचरांत कमरेतून वाकलेल्या आणि डोक्यावर भारा घेऊन ताठ चालणाऱ्या माणसांचे गाव होते. भारा वाहणाऱ्या बाईला मान कशी धरावी हे कोणी शिकविलेले नसते. ओझे आले की मान सरळ होते, नाहीतर दुखू लागते. उठणे, बसणे, उभे राहणे, श्वास सोडणे या गोष्टी शिकवाव्या लागतात, आणि त्या शिकविणाऱ्यालाही आधी कोणीतरी शिकवावे लागते, हा विचार त्या जगात थट्टेचा विषय झाला असता. तथापि याच आंबीपासून लोहमार्गाच्या कडेकडेने पश्चिमेस दहा-अकरा कोस गेले म्हणजे लोणावळ्यास जी संस्था लागते, तिने शंभर वर्षे हाही उद्योग चालविला आहे. कैवल्यधामाची कीर्ती मुख्यत्वे योगाच्या शास्त्रीय संशोधनासाठी झाली. मला मात्र वाटते की त्या संस्थेची अधिक टिकाऊ कामगिरी शिक्षक घडविण्याची आहे, आणि तिच्या इतिहासातला अवघड पेचही तेथेच आहे.

त्यापूर्वी या मुलुखात देहाचा गुरू म्हणजे तालमीतला वस्ताद. मारुतीच्या देवळालगतची अंधारी खोली, ताक, तेल आणि हळद घालून मुरविलेली तांबडी माती, आणि जोर-बैठकांच्या घामाचा वास, एवढ्यात सारे विद्यालय सामावलेले असे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मलखांबाच्या विद्येला नवे रूप दिले, तेही पोथी लिहून नव्हे, शागीर्द तयार करून. वस्ताद होण्यासाठी दाखला लागत नसे आणि मुदतही ठरलेली नसे. कोणाच्या हाताखाली माती उकरली आणि जत्रेच्या फडात आपला पठ्ठा काय करून आला, या दोन गोष्टींवर त्याची पत ठरे. शिकविणे बव्हंशी मुकेच चाले. पाठीवर एक थाप पडली की कोणता खांदा वर राहिला हे पोराने समजून घ्यावयाचे. या पद्धतीचा गुण असा की वस्तादाची नजर एका वेळी एकाच देहावर असे, आणि दोष असा की वस्ताद गेला की त्याची नजरही त्याच्याबरोबर जाई.

विसाव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीने ही तालीम शाळेत आणली. तळेगाव येथील प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय हे त्याचे ठळक उदाहरण. समर्थांचे नाव धारण करणाऱ्या शाळेत बलोपासनेला मान असणे क्रमप्राप्तच होते, आणि अशा शाळेकडे सरकारने संशयाने पाहणे हेही तितकेच क्रमप्राप्त. 1910 साली सरकारी हुकुमाने ते विद्यालय बंद पडले. आंबीच्या शिवारापासून हाकेच्या अंतरावर घडलेली ही घटना येथे सांगण्याचे कारण असे की, ज्या पुरुषाने पुढे लोणावळ्यास देहशिक्षणाचे पीठ स्थापिले, तो याच वातावरणाचे अपत्य होता.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. 1903 साली मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेठ संस्कृत शिष्यवृत्ती मिळवून ते बडोद्यास शिकले, आणि 1907 ते 1910 या काळात तेथील जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांचे शिष्य झाले. माणिकराव हे तालमीच्या परंपरेतले असूनही तालमीबाहेर पाहणारे वस्ताद होते. शेकडो तरुणांना एका मैदानात रांगेने उभे करून देशी भाषेतील हुकुमांवर एकसमयावच्छेदेकरून व्यायाम करविण्याची, म्हणजे संघव्यायामाची, पद्धत त्यांनी बसविली. पुढे 1919 च्या सुमारास गुण्यांना दुसरे गुरू भेटले ते नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदासजी, आणि तेथे सारेच उलट होते: रांग नाही, हुकूम नाही, घाई तर नाहीच, ज्याचा जसा देह आणि जशी प्रकृती, तशी त्याला क्रिया. एका गुरूने समुदायाकडे पाहावयास शिकविले, दुसऱ्याने एका माणसाच्या श्वासाकडे. स्वामी कुवलयानंद या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या या शिष्याने दोघांपैकी कोणालाही सोडले नाही. त्यांच्या पुढील सर्व खटाटोपात ही ओढाताण दिसते.

1924 च्या ऑक्टोबरात लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. स्थळाची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. बोरघाटातील लोहमार्ग 1863 मध्ये पुरा झाल्यापासून लोणावळे मुंबईच्या अंगणात आले होते. हवा थंड, पुणे जवळ, आणि ज्यांच्या देणग्यांवाचून अशी संस्था चालत नाही त्या मुंबईकर शेठसावकारांचे बंगलेही तेथेच. (त्याच सुमारास, 1924 मध्येच, पुण्यात शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले, आणि अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर 1914 पासूनच चालू होते. शरीराविषयी त्या पिढीला लागलेली तळमळ आज कोणास अतिरेकी वाटेल. पण परदास्यात माणसाला स्वतःचा म्हणून देह तेवढाच उरतो.) बडोद्याच्या रुग्णालयात आरंभिलेले उड्डियान आणि नौली या पोटाच्या यौगिक क्रियांवरील क्ष-किरणांचे प्रयोग येथे वाढले, नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात जो ऋण दाब उत्पन्न होतो त्याला गुरूच्या स्मरणार्थ माधवदासांचे नाव दिले गेले. शीर्षासनात रक्तदाब किती चढतो याचीही मोजदाद झाली. या प्रयोगांविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे त्यांचा विस्तार करीत नाही.

प्रयोगशाळेला काही थोडे साधक पुरतात, शाळांना मात्र हजारो शिक्षक लागतात. मुंबई इलाख्यात 1937 साली लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, शारीरिक शिक्षण हा राज्यकारभाराचा विषय झाला, आणि कुवलयानंद सरकारच्या त्या विषयातील समित्यांवर प्रमुखपणे काम करू लागले. कांदिवलीस 1938 मध्ये शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षणसंस्था निघाली. तत्पूर्वीच, 1936 मध्ये, त्यांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. नावातच दोन्ही गुरू शेजारी शेजारी बसले आहेत! आसनांचे तुकडे पाडून ते अंकांवर बसवावयाचे, एकचा हुकूम होताच हात, दोनला धड, तीनला मान, आणि अशा रीतीने एका शिक्षकाने शंभर मुलांना भुजंगासन करवावयाचे. कारभाराच्या दृष्टीने ही युक्ती बिनतोड होती. एवढ्या मुलांसाठी एवढे माधवदास कोणते सरकार आणणार होते? परंतु आसनाविषयी पतंजलींनी जी अवघी तीन सूत्रे लिहिली, त्यांचा आशय असा की बैठक स्थिर आणि सुखाची असावी आणि ती प्रयत्न सैल सोडल्याने साधावी. हुकूम झाला की देह आधी आवळतो. प्रयत्न सैल करा, असा हुकूम देता येत नाही, ही त्या पद्धतीची मूळचीच अडचण होती. कुवलयानंदांना ती दिसत नव्हती असे मानणे अन्यायाचे होईल; आसनात झटका नसावा, सावकाश ताण द्यावा आणि शक्य तेवढ्या अल्प श्रमाने तो धरावा, हे त्यांनीच आग्रहाने सांगितले.

या अडचणीवरचा उपाय म्हणून नव्हे, तथापि परिणामी उपायासारखे, 1950-51 च्या सुमारास लोणावळ्यात शेठ गोरधनदास सेकसरिया यांच्या नावाने योगाचे महाविद्यालय निघाले आणि शिक्षकांची घडण एका शैक्षणिक वर्षाच्या पदविकेत बांधली गेली. पातंजल सूत्रे आणि हठयोगाचे ग्रंथ, शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, मानसिक आरोग्य, आणि या सर्वांच्या जोडीला अध्यापनपद्धती, असा तो अभ्यासक्रम. पुढे डॉ. मनोहर लक्ष्मण घरोटे आणि डॉ. गांगुली यांनी योगाभ्यासाच्या अध्यापनपद्धतीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ज्या विद्येत शिष्याने बारा वर्षे गुरूच्या दारात राहावे असा संकेत होता, तिचे पाठ-टाचण काढावयाचे, उद्दिष्टे लिहावयाची, आणि सहाध्यायांना विद्यार्थी समजून त्यांच्यासमोर पाठ घ्यावयाचा, हे जुन्या साधकांना रुचणे कठीणच. पण मला या टाचणांचे कौतुक वाटते. आपण काय पाहणार आहोत हे आधी लिहून काढल्याखेरीज नवशिक्याला काही दिसत नाही.

अशा पाठाचा एक प्रसंग पाहण्यासारखा असतो. विषय पश्चिमोत्तानासन. शिकाऊ शिक्षक सूचना देतो, समोरचे बसलेले लोक पायाच्या अंगठ्यांकडे झेपावतात, ज्याचा हात पोहोचत नाही तो मान खाली खुपसून जणू कपाळाने अंतर कापू पाहतो, आणि शिकाऊ शिक्षकाचा हात त्याच्या पाठीवर जाऊन ती खाली दाबण्यासाठी शिवशिवतो. कसलेला शिक्षक त्या वेळी अंगठ्यांकडे पाहत नाही. तो बरगड्यांकडे पाहतो. श्वास तेथे अडकला, जबडा आवळला, की आसन संपले, मग कपाळ गुडघ्याला लागलेले का असेना. शवासनात तर याहून सोपी कसोटी आहे. मनगट दोन बोटांनी किंचित उचलावयाचे: पडलेला माणूस खरोखर सैल असेल तर हाताचे पूर्ण वजन बोटांवर येते, आणि तो केवळ आज्ञाधारक असेल तर हात आपण होऊन वर येऊन शिक्षकाला मदत करतो. ती मदत ओळखणे हीच या विद्येची निम्मी पदवी समजावी.

हाच प्रश्न त्याच दशकांत लंडनमध्ये एका निराळ्याच माणसाने हाती घेतला होता. टास्मानियात 1869 साली जन्मलेला फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हा पेशाने काव्यनाट्याचे पठण करणारा नट. रंगमंचावर त्याचा आवाज बसू लागला, वैद्यांचे उपाय हरले, तेव्हा त्याने आरशासमोर उभे राहून स्वतःस तपासले. बोलू लागताच आपण डोके मागे ओढतो आणि श्वास हिसक्याने घेतो, हे त्याला दिसले. आणि त्याहून विलक्षण गोष्ट अशी दिसली की, डोके पुढे धरले आहे अशी पक्की जाणीव असतानाही आरशात ते मागेच असे. स्वतःच्या देहाविषयीची आपली साक्ष खोटी असू शकते, या शोधावर त्याची सर्व पद्धती उभी आहे. 1931 मध्ये त्याने लंडनमध्ये शिक्षकांसाठी तीन वर्षांचा वर्ग काढला. त्यात आसने नव्हती. खुर्चीवरून उठणे आणि बसणे, आणि तसे करीत असलेल्या माणसाच्या मानेवर हलका हात ठेवणे, एवढ्यासाठी तीन वर्षे. त्याच्या परंपरेतील ब्रिटिश संस्था आजही 1600 तासांचा आग्रह धरते. संघव्यायामाच्या दृष्टीने पाहिले तर ही निव्वळ उधळपट्टी, वस्तादाच्या दृष्टीने पाहिले तर ही मुदत तोकडीच.

पुण्याने तिसरी वाट दाखविली. डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून 1937 मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून आलेले अठरा वर्षांचे बी. के. एस. अय्यंगार, मराठीचा गंध नसताना, येथेच राहिले. त्यांचा सहाशेच्या आसपास छायाचित्रांचा इंग्रजी ग्रंथ 1966 साली निघाला. त्याच वर्षी 18 एप्रिलला कुवलयानंद निवर्तले. 1975 मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या अय्यंगारांच्या संस्थेने हुकूम ठेवले, परंतु ते इतके बारीक केले की पायाच्या करंगळीलाही स्वतंत्र फर्मान मिळू लागले. शिवाय लाकडी ठोकळे, पट्टे आणि दोर यांच्या साह्याने न वाकणाऱ्या देहालाही आसनात जागा करून दिली. लोणावळ्याच्या मवाळ वळणापुढे हे वळण कडक. दोन्ही शाळांतले लोक परस्परांविषयी जपून बोलतात, त्यामुळे हा वाद कधी नीट झडला नाही, याची मला खंत आहे.

2015 पासून 21 जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन झाला, आणि शिक्षकांची मागणी एकदम वाढली. केंद्र सरकारच्या योग प्रमाणन मंडळाने जे दर्जे ठरविले, त्यांतल्या पहिल्या, योगदिनाचा सामायिक क्रम शिकविणाऱ्याच्या दर्जासाठी 200 तासांचा अभ्यास आहे, त्यावरच्यासाठी 400. हा क्रम पंचेचाळीस मिनिटांचा. आंबी परिसरातल्या कारखान्यांत दिवसभर यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या कामगाराची कंबर आणि तेथल्याच महाविद्यालयात संगणकापुढे बसणाऱ्या मुलाची मान यांची तक्रार एक नाही, हे त्या क्रमाला कळण्याचे कारण नाही. ते कळावयाचे तर रांगेतून उतरून त्या दोघांजवळ जाणारा शिक्षक हवा, आणि ध्वनिक्षेपकावरून बोलणाऱ्या शिक्षकाला ती फुरसत मिळत नाही. माणिकरावांचा वारसा अशा रीतीने सुरक्षित आहे. माधवदासांच्या वारशासाठी तळेगावास लोणावळ्याची लोकल धरून त्या वर्षभराच्या पदविकेला जावे लागते, आणि तेथेही तो मिळतो तो वर्गात कमी, पाठ संपल्यावर टाचण तपासताना अधिक.