पॅरासिटामॉल, पारा आणि कार्बन

तापावर आपण सहज घेतो त्या पॅरासिटामॉलचा जन्म १८७८ सालचा, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला. हार्मन मोर्सने ते बनवले आणि बाजूला ठेवले. १८९३ मध्ये फॉन मेरिंगने ते रुग्णांना देऊन पाहिले. पण या औषधाने रक्त काळवंडते असा ठपका त्याने ठेवला आणि औषध पुन्हा अडगळीत गेले. १९४८ मध्ये ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवले, की तेव्हाच्या ॲसिटॅनिलाइड या तापनाशकाचा गुण खरे तर शरीरात त्याच्यापासून बनणाऱ्या पॅरासिटामॉलचाच. मग ते घरोघरी पोचले. १९६६ मध्ये अतिमात्रेने यकृत निकामी झाल्याच्या नोंदीही आल्या. आता रक्तातले प्रमाण चटकन कळणे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला.

मोजणारी विद्या तोवर वेगळ्याच वाटेने येत होती. १९२२ मध्ये प्रागमध्ये हेरॉव्हस्कीने पाऱ्याच्या टपटपत्या थेंबांवर पोलॅरोग्राफी, म्हणजे विद्युतप्रवाहावरून द्रावणातले पदार्थ मोजण्याची रीत, उभारली. मात्र पॅरासिटामॉलकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, आणि तेवढ्या विभवाला पारा स्वतःच विरघळू लागतो. कॅन्ससच्या राल्फ ॲडम्सला पाऱ्यासारखा टपटपणारा कार्बन हवा होता. तो साधला नाही. हाती आला तो १९५८ चा कार्बन लगदा. ग्राफाइटची पूड तेलात खलायची, नळीच्या तोंडात ठासायची आणि कागदावर घासून गुळगुळीत करायची, एवढाच खटाटोप. अशा टोकावर पॅरासिटामॉलचा रेणू दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडतो, प्रवाहाचे शिखर उमटते, आणि त्याच्या उंचीवरून प्रमाण कळते. गंमत अशी, की इथे तयार होणारे क्विनोन-इमाइन तेच, जे अतिमात्रेत यकृताचा घात करते.

पुढचे पाऊल १९९१ मध्ये इजिमा यांनी कार्बन नॅनोनलिका जगापुढे आणल्यावर पडले. १९९६ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सन्थानम आणि सहकाऱ्यांनी या नलिकांचा इलेक्ट्रोड करून त्यावर डोपामाइनचे ऑक्सिडीकरण केले, म्हणजे पॅरासिटामॉलसारखेच त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतले. आपल्या मुंबईचा हा वाटा फारसा सांगितला जात नाही. २००४ मध्ये मँचेस्टरला ग्राफीन, म्हणजे ग्राफाइटचा एकेरी थर, सुटे झाले आणि २०१० मध्ये त्यावर पॅरासिटामॉलचा संवेदक आला. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून नलिकांचा लगदा प्रसिद्ध झाला. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन आणि कॅफीन अशी तीन शिखरे त्यावर एकाच वेळी वेगवेगळी दिसत. ॲडम्सचा खल अजून सुटला नव्हता, फक्त पूड बदलली होती. रुग्णालये मात्र आजही बहुधा विकर किंवा प्रतिपिंडांच्या चाचण्यांवरच विसंबतात, कारण खऱ्या रक्तात यूरिक आम्लाचा प्रवाह मध्ये लुडबुडतो आणि प्रथिने पृष्ठभागावर चिकटून शिखर खुजे करतात.