उभ्या ट्रकचे इंजिन आणि चालकाची विश्रांती

प्रथम संज्ञा निश्चित कराव्यात. ट्रकचा वेग शून्य, परंतु इंजिन चालू, या अवस्थेला येथे आयडलिंग म्हटले आहे. तिच्यावर वाहतूक कंपनी घालते ती कालमर्यादा म्हणजे निर्बंध. गाडीतील जीपीएस यंत्रणा इग्निशन व वेग यांची नोंद कार्यालयाला कळवते; मर्यादेपलीकडचे आयडलिंग चालकाच्या नावे लागते, आणि ॲव्हरेज कमी पडल्यास काही कंपन्यांत त्याच्या हिशेबातून डिझेल कापले जाते. प्रस्तुत विचार दिल्ली व तिच्या भोवतालच्या राजधानी प्रदेशातील मे-जून महिन्यांपुरता आहे.

आयडलिंग त्रिविध असते. (1) अनिच्छित : वाहतूककोंडी, किंवा गोदामाच्या फाटकावरची सरकती रांग. (2) यांत्रिक : ब्रेकच्या हवेचा दाब भरेपर्यंत, अथवा दीर्घ चढानंतर टर्बोचार्जर निवेपर्यंत, हा मिनिटांचा प्रश्न असल्याने येथेच सोडून देता येतो. (3) शारीरिक : केबिनमध्ये माणसाला राहता यावे यासाठी केलेले. अहवालाच्या रकान्यात तिन्हींची एकच बेरीज येते. वाद तिसऱ्यापुरता आहे.

निर्बंधाचा पक्ष दुर्बळ नाही. उभे इंजिन ताशी दीड लिटर डिझेल घेते असे धरले, तर सहा तासांचे नऊ लिटर होतात; लिटरला सुमारे 88 रुपये दराने ही रक्कम आठशेच्या घरात जाते. दुसरे, एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकाच्या इंजिनात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ होण्यास धुराचे उच्च तापमान लागते, आणि आयडलिंगमध्ये ते मिळत नाही, फिल्टर तुंबतो. तिसरे, दिल्लीची हवा. तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

तरीही हा पक्ष एक गोष्ट गृहीत धरतो : चालकाची विश्रांती रात्रीच्या गारव्यात होते. दिल्लीत हे गृहीत उलटे पडते. जड मालवाहनांना शहरात मुख्यतः रात्री उशिरापासून पहाटेपर्यंतच प्रवेश असतो. भाजीपाला, फळे, दूध यांच्या गाड्यांना सवलत आहे. पण भिवंडीहून कापडाचे तागे घेऊन संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरकडे निघालेली गाडी सकाळी सीमेवर पोहोचली, तर नो एंट्री उठेपर्यंत ती तेथेच उभी. म्हणजे कामाची वेळ रात्र, निद्रेची वेळ दुपार. निर्बंध लागू होतो तो नेमका याच तासांत. 29 मे 2024 रोजी सफदरजंग वेधशाळेत 46.8 अंश तापमान नोंदले गेले. ते सावलीतले, डांबरावर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या केबिनचे नव्हे.

उष्णतेची कारणेही वेगळी करावी लागतात. आपल्याकडील बहुतेक ट्रकांत चालकाची बैठक इंजिनाच्या वर असते. इंजिन बंद केले तरी त्याची साठलेली उष्णता बराच वेळ केबिनच्या तळातून वर येत राहते. वरून ऊन, खालून लोखंड. त्वचेचे तापमान सुमारे 35 अंश. भोवतालची हवा त्याहून तप्त झाली की शरीराची उष्णता हवेत जात नाही, उलट हवेची शरीरात येते. उरतो तो केवळ घामाच्या बाष्पीभवनाचा मार्ग. चाळीस अंशांच्या वर कोरड्या त्वचेवर फिरणारा पंखा त्यामुळे उपकारक राहत नाही. चालक हे सूत्र न मांडता ओळखतात : गमछा भिजवून अंगावर घेतात, पाण्याच्या बाटलीला ओले पोते गुंडाळतात, काचेला आतून पुठ्ठा लावतात आणि ट्रेलरखाली चटई टाकून सावलीबरोबर ती सरकवीत जातात. ट्रेलरखालची झोप धोक्याची आहे हेही त्यांना ठाऊक असते.

शासनाने या प्रश्नाला दिलेले उत्तर वातानुकूलित केबिनचे आहे. डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेनुसार 1 ऑक्टोबर 2025 पासून निर्माण होणाऱ्या एन-2 व एन-3 वर्गाच्या, म्हणजे साडेतीन टनांवरील, मालवाहनांत ती अनिवार्य झाली. त्याआधीच्या गाड्या या कक्षेबाहेर राहिल्या. परंतु नव्या गाडीतही नेहमीच्या एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्याने इंजिनाशी जोडलेला असतो. इंजिन बंद, तर एसी बंद. शासनाचा नियम थंडावा देतो आणि कंपनीचा निर्बंध तो निद्रेच्या वेळी काढून घेतो. उरतो फक्त धावत्या गाडीतला.

बॅटरीवर चालणारा कूलर हा मधला मार्ग सुचवला जातो. त्याचे गणित करून पाहावे. समजा 12 व्होल्टच्या, 150 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आहेत. एकूण साठा 3.6 किलोवॉट-तास. स्टार्टरसाठी अर्धा राखला तर 1.8 उरतो. सहाशे वॉटचे यंत्र त्यावर तीन तास चालेल. झोप सहा-सात तासांची हवी. स्वतंत्र, मोठी बॅटरी बसवल्यावाचून हा उपाय अर्धवट राहतो, आणि तिचा खर्च गाडीमालकाने करावा की माल पाठवणाऱ्याने, हे भाड्याच्या करारात सहसा लिहिलेले नसते.

येथे प्रश्न इंधनाचा न राहता प्रतीक्षेच्या मूल्याचा होतो. प्रतीक्षा शासनाच्या वेळापत्रकाने किंवा पार्टीच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या वा घेणाऱ्याच्या, फाटकाने निर्माण होते. तिचा भार मात्र मालकाच्या डिझेलवर किंवा चालकाच्या देहावर पडतो. निर्बंध हा भार कमी करत नाही, पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकवतो. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा कामाचे दिवसाचे आठ तास आणि मधला विसावा ठरवत असे. विसाव्याच्या जागेचे तापमान त्याच्या विचारात नव्हते. ठरावीक तासांपलीकडे गाडी अडवल्यास पार्टीकडून हॉल्टिंग आकारण्याची रीत धंद्यात आहेच. नो एंट्रीच्या तासांना ती लागू करावी, थांब्याच्या जागेचे तापमान चाळीस अंशांवर असताना शारीरिक आयडलिंगची नोंद स्वतंत्र रकान्यात घ्यावी, आणि त्या रकान्यातले डिझेल चालकाच्या ॲव्हरेजमधून वगळून हॉल्टिंगच्या बिलात धरावे.