तोल सावरण्याची दोनशे वर्षे : पार्किन्सन्स आणि पडणे

पार्किन्सन्स म्हटले की डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. थरथर दिसते, लोकांच्या लक्षात येते, रुग्णाला तिची लाज वाटते, त्यामुळे दवाखान्यात आल्यावर पहिली तक्रारही तिचीच असते. पण थरथरीने फार तर कपातला चहा बशीत सांडतो. पडण्याने खुब्याचे हाड मोडते, ऑपरेशन करावे लागते, माणूस अंथरुणाला खिळतो. हाड शाबूत राहिले तरी एकदा पडलेला माणूस धास्तीने चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की पायातली ताकद जाते आणि तो पुन्हा पडतो.

पडणे किती सर्रास आहे याची कल्पना यावी म्हणून एक आकडा सांगतो. २००७ मध्ये ६ अभ्यासांतील ४७३ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. तीन महिन्यांत त्यांपैकी ४६ टक्के रुग्ण पडले होते. जे त्याआधी पडलेच नव्हते, त्यांच्यातही हे प्रमाण २१ टक्के होते. तरीही पडलेल्या आजोबांना घरात ऐकावे लागते, "लक्ष कुठे असतं तुमचं? सांगितलं होतं ना हळू चाला!" हा दोष बेपर्वाईचा नसून आजाराचा आहे, हे वैद्यकशास्त्राला कसे कळत गेले ते आज पाहू. तुम्हाला फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या सूचना विचित्र वाटत असतील, तर त्यांचा उगमही याच इतिहासात सापडेल.

लंडनच्या रस्त्यावरचे रुग्ण

जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) हे लंडनच्या हॉक्स्टन भागात व्यवसाय करणारे साधे डॉक्टर. आजच्या भाषेत फॅमिली डॉक्टरच. १८१७ मध्ये त्यांनी 'शेकिंग पाल्सी' म्हणजे 'थरथरीचा लकवा' या विषयावर एक छोटा निबंध छापला. त्यात फक्त सहा रुग्ण आहेत. त्यातले दोघे त्यांना रस्त्यात भेटले आणि एकाला तर त्यांनी केवळ लांबून पाहिले.

आपल्या विषयासाठी हा लांबून पाहिलेला, पाचवा रुग्ण सर्वांत महत्त्वाचा. या गृहस्थांना साधे चालता येत नसे. चालायला लागले की पळतच सुटत. त्यांचा सोबती समोर उभा राही, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्यांना हळूहळू पुढेमागे झुलवी आणि तोल बरोबर सापडला की ते गृहस्थ इशारा देऊन धावू लागत. सोबती चटकन बाजूला होऊन पुढे पळे, कारण वीसेक पावलांनंतर ते पडणार हे ठरलेले असे आणि त्यांना झेलायचे असे.

या वर्णनात दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, पाठ पुढे वाकल्यामुळे शरीराचा भार पावलांच्या पुढे जातो आणि त्याला गाठण्यासाठी पावले छोटी छोटी व भराभर पडतात. तुमच्या घरच्या रुग्णाची चाल अचानक वेग घेते ती घाईने नाही, याच कारणाने. दुसरी म्हणजे, पहिले पाऊल टाकण्याआधी शरीर झुलवून तोल शोधणे. ही युक्ती त्या सोबत्याला कोणी शिकवली असेल? बहुधा रोजच्या अनुभवानेच. आज पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले की आम्ही 'आधी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्या' असे सांगतो, त्याचे हे जुने भावंड आहे.

मागे पडणारा रुग्ण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी या आजाराचा बारकाईने अभ्यास केला. 'थरथरीचा लकवा' हे नाव त्यांना पटले नाही. अनेक रुग्णांना थरथर नसते आणि ताकदही तशी शाबूत असते, असे त्यांचे म्हणणे. आजाराला पार्किन्सन यांचे नाव द्यावे हे त्यांनीच सुचवले. स्नायूंचा ताठरपणा त्यांनी वेगळा ओळखला आणि उभ्या रुग्णाला मागून हलकेच ओढले तर तो मागे मागे जात राहतो, स्वतःला थांबवू शकत नाही, हेही दाखवले.

हीच तपासणी आज आम्ही करतो. तुमच्या मागे उभे राहून, आधी सांगून, दोन्ही खांदे मागे खेचतो. निरोगी माणूस एक-दोन पावलांत सावरतो. पार्किन्सन्स पुढे गेलेला रुग्ण अनेक पावले मागे जातो किंवा सरळ कलंडतो. झेलायला तयार असलेल्या, शिकलेल्या माणसानेच ही तपासणी करायची असते. घरी करून पाहू नका.

दोन ओळखीच्या वनस्पती

१९१९ मध्ये त्रेतियाकॉफ यांनी पॅरिसमध्ये दाखवले की या रुग्णांच्या मेंदूतल्या 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या काळसर भागातील पेशी नष्ट झालेल्या असतात. त्या पेशी नेमके काय करतात हे कळायला आणखी चार दशके लागली, आणि त्या वाटेवर आपल्याकडच्या दोन वनस्पती भेटतात.

पहिली सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे औषध वेगळे काढले गेले. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी ससे रेसर्पिन देऊन निश्चल केले आणि मग एल-डोपा टोचून त्यांना पुन्हा हालते केले. रेसर्पिनने मेंदूतले डोपामिन रिकामे होते आणि एल-डोपाने भरून निघते, हे त्यातून पुढे आले.

दुसरी वनस्पती म्हणजे अंगाला लागली की खाज सुटवणारी खाजकुइली, आयुर्वेदातली कपिकच्छू. तिच्या बियांत एल-डोपा असते, हे १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनीच दाखवले होते. (म्हणून बाजारातले चूर्ण मनानेच सुरू करू नका. त्यातही तेच औषध असते. तुमच्या गोळीत त्याची भर पडली की मात्रेचा हिशेब चुकतो.)

१९६० मध्ये व्हिएन्नात ऑलेह हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सन्सच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन खूप कमी असल्याचे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी बर्कमायर यांच्यासह त्यांनी रुग्णांना एल-डोपाचे इंजेक्शन दिले आणि जखडलेली माणसे काही तास हालूचालू लागली.

१९६७ : एक वर्ष, तीन गोष्टी

या एका वर्षी तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन कामे प्रसिद्ध झाली.

न्यूयॉर्कजवळ जॉर्ज कोटझियास यांनी डोपा तोंडाने, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत दिले आणि टिकाऊ सुधारणा दाखवली. आजची तुमची लेव्होडोपाची गोळी इथून आली.

न्यूयॉर्कमध्येच मार्गारेट होन आणि मेल्विन यार यांनी आजाराच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिलीत एक बाजू, दुसरीत दोन्ही बाजू. तिसरी पायरी कशावरून ठरते? तोल बिघडण्यावरून. थरथर वाढली म्हणून रुग्ण तिसऱ्या पायरीवर जात नाही. तुमच्या कागदांवर 'एच अँड वाय ३' असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ हा.

तिसरे काम लंडनचे. जेम्स पर्डन मार्टिन हे ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ हायलँड्स रुग्णालयात अनेक वर्षे दाखल असलेल्या रुग्णांचा अभ्यास करत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेल्या मेंदूज्वराच्या साथीनंतर या लोकांना पार्किन्सन्ससारखी लक्षणे जडली होती. मार्टिन यांनी त्यांना तिरप्या होणाऱ्या फळीवर बसवून पाहिले. फळी कलली की आपण नकळत अंग उलट बाजूला वळवतो. हे रुग्ण तसे करत नसत, फळीबरोबरच कलंडत. डोळे बांधले तर अवस्था आणखी वाईट होई. म्हणजे आतून आपोआप होणारी सावरण्याची क्रिया गेली होती आणि ते डोळ्यांच्या आधारावर कसेबसे उभे होते.

त्यावरून त्यांनी पुढचे पाऊल टाकले. जमिनीवर, चालण्याच्या दिशेला आडव्या, ठळक रंगाच्या रेषा पावलापावलाच्या अंतराने आखल्या. जो रुग्ण रेंगाळत, पाय घासत चालायचा, तो रेषा ओलांडत मोठी पावले टाकू लागला. चालण्याच्या दिशेनेच आखलेल्या उभ्या रेषांचा असा उपयोग होत नाही.

गोळी सगळे का करत नाही?

लेव्होडोपाने मंदपणा आणि ताठरपणा कमी होतो, अनेकांची थरथरही कमी होते. तोल मात्र त्या प्रमाणात सुधारत नाही. कारण तोल सांभाळण्यात एकटे डोपामिन नसते. मेंदूतली इतर रसायने, विशेषतः अॅसिटिलकोलिन तयार करणाऱ्या पेशीही या आजारात कमी होतात. त्यामुळे 'गोळ्या वेळेवर घेतो, तरी पडतो' ही तक्रार खरी असते. त्यावर स्वतःच एक गोळी वाढवणे हा उपाय नाही. जास्त मात्रेने अंग नको तसे हलू लागते, रक्तदाब उतरतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो.

मार्टिन यांच्या रेषांचे मर्म पुढच्या पिढीने उलगडले. चालणे एरवी आपोआप होते. ती आपोआप चालणारी यंत्रणा बिघडली, तरी मुद्दाम लक्ष देऊन, डोळ्यांच्या किंवा कानांच्या मदतीने चालण्याची दुसरी वाट मेंदूत शिल्लक असते. १९९० च्या दशकात मेलबर्नमध्ये मेग मॉरिस आणि रॉबर्ट आयन्सेक यांनी दाखवले की जमिनीवरच्या खुणांनी, किंवा नुसते 'मोठे पाऊल' असे मनात धरूनही, पावलांची लांबी वाढते. १९९६ मध्ये अमेरिकेत मायकेल थाउट यांनी तालाच्या ठोक्यांवर तीन आठवडे चालण्याचा सराव करून घेतला आणि चाल सुधारली. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ५८ वर्षांचा एक रुग्ण दाखवला. त्याला चार पावले चालताना पाय गोठत, पण सायकल तो झकास चालवत असे. (आपल्या रस्त्यांवर हा प्रयोग नको.)

ही दुसरी वाट लक्षावर चालते, म्हणून लक्ष विभागले की ती बंद पडते. चालता चालता बोलणे, मोबाइल पाहणे, हातात भरलेले ताट असणे, यात पडणे होते ते यामुळे.

व्यायामाचाही पुरावा आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील ओरेगनमध्ये १९५ रुग्णांवर २४ आठवडे प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा ताई ची करणारे रुग्ण नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी वेळा पडले. ब्रुकलिनमध्ये २००१ पासून रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालतात. आपल्या पुण्यातही हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतले. ताल, मोठ्या हालचाली, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे आणि सोबत, हे सगळे नृत्यात एकत्र मिळते.

या इतिहासातून तुमच्या घरात काय यावे?

• पाय गोठले की ओढाताण नको. थांबा, श्वास घ्या, वजन डावीकडे-उजवीकडे न्या, मग एक मोठे पाऊल टाका. घरच्यांनी हात धरून पुढे ओढू नये. शरीर पुढे येते, पाय मागेच राहतात आणि रुग्ण तोंडावर पडतो. शेजारी उभे राहून 'एक, दोन, एक, दोन' म्हणा.

• पाय नेमके जिथे अडतात तिथे (दार, बाथरूमचे तोंड, पलंगाजवळ) जमिनीवर ठळक रंगाची चिकटपट्टी आडवी लावा, पावलापावलाच्या अंतराने. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. सगळ्यांना सारखा उपयोग होत नाही.

• जागच्या जागी गर्रकन वळू नका. थोडा मोठा वळसा घेऊन, पावले टाकत वळा.

• चालताना फक्त चाला. बोलायचे असेल तर थांबून बोला. सामान हातात न घेता खांद्याच्या पिशवीत ठेवा.

• मार्टिन यांचे रुग्ण डोळ्यांच्या आधारावर उभे होते, तसेच तुमचेही. रात्री पलंगापासून संडासापर्यंत दिवा हवा. चष्म्याचा नंबर तपासा.

• सुटी पायपुसणी, सतरंजीच्या दुमडलेल्या कडा, ओली मोरी, सैल स्लीपर हटवा. उंच उंबरठा ठळक रंगवा. कमोड आणि नहाणीजवळ भिंतीत पक्के बसवलेले दांडे हवेत. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका.

• दर वेळी झोपून आणि उभे राहून असा दोन्ही रक्तदाब मोजायला सांगा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर पडण्याचे तेही एक कारण असू शकते आणि त्यावर उपाय आहेत. ब्लडप्रेशरच्या आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

• हाडांचा ठिसूळपणा आणि ड जीवनसत्त्व याबद्दल विचारा. पडणे टळले नाही तरी हाड वाचू शकते.

• पडण्याची नोंद ठेवा : तारीख, वेळ, जागा, तेव्हा काय करत होता, शेवटची गोळी किती वाजता घेतली होती. पडता पडता वाचलात तेही लिहा. गोळीचा अंमल ओसरताना पडता की अंमलात असताना पडता, यावर उपचार बदलतो.

२००७ च्या त्या पाहणीत पुढे कोण पडेल हे सर्वांत चांगले सांगणारी खूण होती ती गेल्या वर्षात दोन किंवा अधिक वेळा पडलेले असणे. म्हणून पहिले पडणे लपवू नका. 'डॉक्टरांना कशाला सांगायचं, लागलं तर नाही' असे म्हणून बरेच रुग्ण ते गिळून टाकतात, कधी मुले काळजी करतील म्हणून, कधी बाहेर जाणे बंद होईल म्हणून. ही भीती खोटी नाही. पण त्याचे उत्तर घरात कोंडून ठेवणे नव्हे, हे घरच्यांनीही समजून घ्यावे. पुढच्या भेटीला येताना नोंदवही बरोबर आणा आणि पडल्याचे सगळ्यात आधी सांगा, थरथरीचे त्यानंतर.