काझुंगुलाचा उतार

चोबे नदी झांबेझीला मिळते तिथे काझुंगुला आहे. बोत्स्वाना, झांबिया, झिम्बाब्वे आणि नामिबिया या चार देशांच्या सीमा येथे जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन भिडतात. १८९०च्या करारात ब्रिटनने जर्मनीला कॅप्रिव्हीची चिंचोळी पट्टी दिली आणि आजच्या नामिबियाचे टोक थेट झांबेझीपर्यंत पोचले. त्यामुळे बोत्स्वाना आणि झांबिया यांच्या वाट्याला सामाईक सीमा आली ती नदीपात्रातली, जेमतेम दीडशे मीटरची.

एवढ्याशा सीमेला पुढे फार मोठे मोल आले. ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेच्या, गोऱ्या राजवटीने १९६५ साली एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले. दक्षिण आफ्रिका आणि तिच्या ताब्यातला नामिबियाही वर्णद्वेषी सत्तेखाली होता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या बोत्स्वानाला कृष्णवर्णीयांचे राज्य असलेल्या देशाकडे नेणारी जमिनीवरची एकच वाट उरली, ती काझुंगुलाच्या फेरीबोटीची. या दोन देशांना सामाईक सीमाच नाही, असा दावा दक्षिण आफ्रिकेने १९७० साली केला. बोत्स्वाना मागे हटला नाही. अमेरिकेच्या मदतीने बोत्स्वानातल्या नाटा गावापासून काझुंगुलापर्यंत हा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता १९७७पर्यंत तयार झाला. १९७९ मध्ये ऱ्होडेशियाच्या सैन्याने फेरीबोटच बुडवली. नकाशावर शोधूनही न सापडणाऱ्या एका उताराची केवढी धास्ती होती, हे त्यावरून कळते.

शांतता आल्यावर अडचण निराळी झाली. नदीचे पात्र इथे सुमारे चारशे मीटर रुंद. सपाट फेरीबोट काठाला लागली की तिची लोखंडी फळी खाली पडे, मालाने भरलेला एक ट्रक अलगद वर चढे आणि उरलेल्या जागेत दोन-चार छोट्या गाड्या व माणसे दाटीवाटीने उभी राहत. तांबे आणि यंत्रसामग्री वाहणाऱ्या ट्रकांची रांग लांबत जाई. चालक कित्येक दिवस तिथेच मुक्काम करून राहत. नामिबिया आणि चोबेचे अभयारण्य पाहून निघालेल्या पर्यटकांच्या मोटारीही त्यांच्याच मागे ताटकळत. हा उतार धोक्याचाही होता. २००३ साली प्रमाणाबाहेर लादलेल्या ट्रकमुळे फेरीबोट उलटली आणि अठरा जणांचा जीव गेला. पुलासाठी याहून मोठे कारण नको होते, तरी तो यायला पुढची अठरा वर्षे गेली.

पूल बांधण्याचे २००७ साली ठरले, काम २०१४च्या अखेरीस सुरू झाले. जपान आणि आफ्रिकन विकास बँकेने कर्ज दिले, बांधकाम दक्षिण कोरियाच्या कंपनीने केले. ९२३ मीटर लांबीचा हा पूल सरळ नाही. झिम्बाब्वेच्या हद्दीत शिरू नये म्हणून त्याला बाक दिला आहे. मधोमध रेल्वेमार्गासाठी जागा राखली आहे. १० मे २०२१ रोजी पूल वाहतुकीला खुला झाला. आता दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात आणि पलीकडे जाणाऱ्याला तपासणीसाठी एकदाच थांबावे लागते.